संमतिपत्राचे मराठी

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. सेलूच्या बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर एक माजी विद्यार्थी भेटला. बी. ए. ला तीन वर्षे मराठी वाङ्मय घेतलेला, अक्षर सुरेख, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने पिशवीतून चार पानी इंग्रजी कागद काढला. एका रुग्णालयाचे ते शस्त्रक्रियेचे संमतिपत्र होते. "सर, इंग्रजी मले समजते," तो म्हणाला, "पण आपण सही कायच्यावर करतो ते समजत नाही." शस्त्रक्रिया शिश्नाचा जन्मजात बाक सरळ करण्याची होती. याच कारणाने त्याने दोनदा लग्न पुढे ढकलले होते आणि घरी प्रत्येक वेळी नोकरीचे निमित्त सांगितले होते. (हे सारे त्याच्या परवानगीने आणि ओळख पुसून लिहीत आहे.)

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला चार पानांचे मराठी करणे कठीण जाऊ नये. मला ते गेले.

आपल्या व्याकरणाच्या तासाला लिंग, धातू आणि नपुंसक हे तीन शब्द रोज येतात. पहिल्या आठवड्यात वर्गात खसखस पिकते, पुढे ती ओसरते. हेच शब्द शरीराकडे वळले की शिक्षकाचीही जीभ जड होते. उरतात ते एकीकडे संस्कृत पारिभाषिक शब्द आणि दुसरीकडे शिव्या. मधली जागा, जिथे एखादा माणूस आपले दुखणे साधेपणाने सांगू शकेल, ती मराठीने जवळपास ओसाड ठेवली आहे. ओसाड जागेत गवत वाढतेच. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरील गुप्तरोगाच्या जाहिराती पाहाव्यात. बाक, अशक्तपणा, धातू जाणे या सर्वांचे खापर हस्तमैथुनावर फोडायचे आणि पुड्या विकायच्या, हा तो व्यवसाय. धातू जाण्याच्या या भयाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये वैद्यकात 'धात' या नावानेच जागा दिली. आमच्या विद्यार्थ्यानेही असल्या पुड्यांवर दोन वर्षे घालवली होती. जन्मजात बाकाचा हस्तमैथुनाशी काहीही संबंध नाही, हे त्याला कोणी मराठीत सांगितलेच नव्हते.

ही लाज आपल्या परंपरेतूनच आली, असे मात्र म्हणवत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शिश्नाच्या त्वचेचे विकार परिवर्तिका, अवपाटिका, निरुद्धप्रकश अशा नावांनी नोंदवले आहेत. अवयव वाढवण्यासाठी विषारी कीटकांचे लेप लावणाऱ्यांना होणाऱ्या विकारांवर तर शूकदोष नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. भिंतीवरच्या जाहिरातदारांचे पूर्वज तेव्हाही होते, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांवर उपचार करणारा वैद्यही होता.

युरोपात या बाकाशी जोडले गेलेले नाव फ्रान्स्वा द ला पेरोनी यांचे. ते पंधराव्या लुईचे शल्यचिकित्सक. 1743 मध्ये त्यांनी प्रौढ वयात उद्भवणाऱ्या बाकाचे वर्णन केले. त्याच वर्षी, त्यांच्याच खटपटीमुळे, राजाज्ञेने पॅरिसच्या शल्यचिकित्सकांना न्हाव्यांपासून वेगळे काढले. मात्र उपाय म्हणून त्यांच्याकडे बारेज येथील झऱ्याचे पाणी होते, एवढेच. पेरोनीचा विकार जन्मजात बाकाहून वेगळा. शिश्नातील दोन स्पंजासारख्या नळ्यांभोवती एक चिवट पांढरे आवरण असते. त्यात वण धरतो, गाठ हाताला लागते, आधी दुखते आणि ताठरतेच्या वेळी अवयव वणाच्या बाजूला वळतो. तो बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतो. मधुमेह्यांत आणि तळहातातील दोऱ्या आखडून बोटे वळलेल्या माणसांत तो अधिक आढळतो. कर्करोग नव्हे, संसर्गही नव्हे. ज्याला असा बाक नव्याने येतो त्याने शस्त्रक्रियेची घाई करू नये. दुखणे थांबून बाक काही महिने, साधारण तीन ते सहा, जसाच्या तसा राहिला आणि सुरुवातीपासून वर्षभर लोटले, म्हणजे शल्यचिकित्सक हत्यार हाती घेतात. हलत्या जमिनीवर भिंत बांधत नाहीत.

जन्मजात बाकाला ही वाट पाहावी लागत नाही, कारण तो बदलत नाही. इथे येते 1965 हे वर्ष. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे रीड नेस्बिट यांनी केवळ तीन रुग्णांची हकिगत छापली. कल्पना शिंप्याला सहज कळावी अशी. कमानीची बाहेरची बाजू लांब आणि आतली आखूड असते. नेस्बिट यांनी लांब बाजूच्या आवरणातून लंबगोल तुकडे काढून कडा शिवल्या. पुढे तुकडा न कापता नुसत्या टाक्यांनी चुण्या घालण्याच्या पद्धती आल्या. आमच्या संमतिपत्रातला 'प्लायकेशन' हा शब्द तो हाच. शिंपी लांब बाहीला चुणी घालतो, तेव्हा बाही आखूड होते. इथेही तसेच होते. सरळपणा मिळतो तो आखूड बाजूच्या मापाने. हे वाक्य इंग्रजी कागदावर तिसऱ्या पानाच्या तळाशी होते. मराठीत ते पहिले असायला हवे, असे माझे मत आहे.

बाक फार मोठा, साधारण साठ अंशांपलीकडचा असेल, तर उलट मार्ग घेतात. आखूड बाजूचे आवरण उघडून तिथे शिरेचे किंवा अन्य ऊतीचे ठिगळ लावतात. लांबी त्यामानाने राखली जाते, पण ताठरता कमी होण्याचा धोका वाढतो. ताठरताच मुळात राहिली नसेल आणि औषधांनी येत नसेल, तर आत कृत्रिम दांडी बसवण्याचा पर्याय असतो. तो वेगळाच निर्णय आहे. कोणत्याही पद्धतीत थोडा बाक उरू शकतो, अग्रभाग काही काळ बधिर राहू शकतो, टाक्यांच्या गाठी हाताला लागू शकतात. साधारण सहा आठवडे संभोग वर्ज्य. बाक मोजण्यासाठी ताठर अवस्थेतील छायाचित्र मागतात किंवा दवाखान्यात इंजेक्शनने ताठरता आणतात. याची लाज वाटणारच, पण त्यावाचून माप कळत नाही. आणि थोडा बाक तर कितीतरी पुरुषांना असतो. संभोगात अडचण नसेल, वेदना नसेल, तर काहीच करू नये.

हे सारे मराठीत लिहिणाऱ्याची वाट एका माणसाने फार पूर्वी घालून दिली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले आणि 1953 पर्यंत चालवले. गणिताचा प्राध्यापक असल्यामुळे की काय, त्यांच्या गद्यात आडपडदा नाही. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले, तरीही 200 रुपये दंड झालाच. आपण कर्व्यांचा गौरव करतो. 2001 मध्ये 'ध्यासपर्व' चित्रपट आला, 2017 मध्ये अजित दळवी यांचे नाटक आले, शोधनिबंध तर पुष्कळ झाले. त्यांचे गद्य मात्र आपण वारसा म्हणून घेतले नाही. माझ्या पिढीतील अध्यापक कर्व्यांवर बोलतो तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी. कर्वे ज्याविषयी लिहीत होते, त्याविषयी नव्हे. मी यात स्वतःला धरतो.

वर्धा जिल्ह्याला या इतिहासात आणखी एक कोपरा आहे. डिसेंबर 1935 मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्यास आल्या. साधने नकोत, संयम हवा, ही गांधीजींची भूमिका काही हलली नाही. त्याच परिसरात, सेवाग्रामला, गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. संयमाची आणि शरीरशास्त्राची शिकवण अशी एकाच गावाने वाहिली. असो.

टपरीवर आम्ही दीड तास बसलो. पाठकोऱ्या कागदावर मी एकेक कलम मराठीत उतरवत गेलो आणि तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिला. लांबी किती कमी होईल, हा त्याचा प्रश्न आम्ही डॉक्टरांसाठी वेगळा लिहून ठेवला, कारण ते बाक किती अंशांचा आहे यावर ठरते. होणाऱ्या बायकोला सांगावे का, हाही त्याने विचारला. त्यावर माझ्याकडे मराठीतही उत्तर नव्हते. निघताना त्याने कागद वाचून पाहिला, माझे पेन मागितले आणि मी सर्वत्र लिहिलेला 'वक्रता' हा शब्द एकेक करून खोडून त्यावर 'बाक' लिहिले.