चित्रातली सुगी

शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले, की आम्ही सारी मुले एकच चित्र काढीत असू : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाची झाडे. नगर जिल्ह्यातल्या (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) आमच्या कोरडवाहू गावात नारळ नव्हता, आणि ओढ्याला पाणी असे ते पावसाळ्यापुरतेच. खिडकीबाहेर ज्वारी काढलेली उघडीबोडकी राने उन्हात पडलेली असत. ती चित्रात घ्यावीत, असे कुणाच्या मनातही येत नसे. खरे सांगायचे तर मला त्यांची लाजच वाटे.

पुढे व्हॅन गॉगच्या ‘सुगी’ या चित्राची छापील प्रत मी घरी नेली. पिवळेधमक रान, मधोमध निळी गाडी, दूर निळसर डोंगर. वडिलांनी ती उंबऱ्याशी उजेडात धरली. चित्रकार कोण, हे न विचारताच ते म्हणाले, “गंजीला शिडी लावलीया. रान मात्र अर्धंच काढून झालंय. पाऊस यायच्या आत उरकाया पायजे.”

मी चकित झालो, कारण घडले होते ते तसेच! १८८८ च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल गावाबाहेर हा हॉलंडचा चित्रकार आठवड्याहून अधिक काळ भर उन्हात सुगी रंगवीत होता. दहा चित्रे आणि पाच रेखाटने झाली, आणि वादळी पावसाने सुगी संपवली. त्याच्या आधीच्या चित्रकारांनी पालटता प्रकाश टिपला होता. याने त्या उन्हाची धगच रंगात उतरवली.

आपल्याकडेही त्याच दशकात कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत होते. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आश्रय लाभला. पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठी. १९३१ साली ते वारले, तोवर रोजच्या पाहण्यातला तो परिसरच त्यांना पुरला.

वडील आता नाहीत. ‘सुगी’ची मूळ प्रतिमा ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे; आमची छापील प्रत गावच्या घरात, खिडकीशेजारी. गेल्या वैशाखात नातीने तिथे बसून निसर्गचित्र काढले. त्यात नारळ नव्हता. कडब्याची गंजी होती, आणि तिला टेकवलेली शिडी.