‘पोलिश’ फुलदाणी
माझ्या डेस्कवरची फुलदाणी हाताने फुंकलेली आहे. उलटी केली की तळाशी लोखंडी सळई तोडल्याची खूण दिसते. विकणारा म्हणाला, पोलिश, श्क्लार्स्का पोरेंबाची. शोधायला बसलो तर कारखाना १८४२ चा, आणि तेव्हा गाव जर्मन! नाव श्रायबरहाऊ. १९४५ ला सीमा सरकली, कारखाना पोलंडचा झाला. जर्मन रहिवाशांना हाकललं, पण काही कारागिरांना थांबवून घेतलं. भट्टी चालवणार कोण? नव्या पोलिश कामगारांनी काम शिकलं ते त्यांच्याकडूनच. ज्याचं घर जाणार, तोच शिकवतोय. आणि शिकणाऱ्यांतले कित्येक स्वतःच पूर्वेकडची घरं गमावून आलेले. कारखान्याचं नाव पुढे ‘युलिया’ झालं.