धोतऱ्याचा धूर आणि दम्याचा इतिहास

इ. स. १८०२ सालीं जनरल जेंट नांवाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानें मद्रासहून स्वदेशीं एक वाळलेली वनस्पति आणली आणि ती एडिंबरो येथील डॉ. सिम्स यांच्या हवालीं केली. ती वनस्पति म्हणजे आपल्याकडे उकिरड्यावर उगवणारा आणि तरीहि महादेवाच्या पूजेंत मान पावलेला धोतरा होय. मद्रासकडील लोक धोतऱ्याचें मूळ व बुंध्याचा खालचा भाग वाळवून, कुटून चिलमींत घालीत, आणि दम्याची धाप लागली म्हणजे त्याचा धूर ओढीत. तेथील सरकारी वैद्यकखात्याचे प्रमुख डॉ. जेम्स अँडर्सन यांनीं या उपायाचा गुण पाहिला होता. याच धोतऱ्याच्या बिया खाण्यांत घालून वाटमारे प्रवाशांना बेशुद्ध करीत व लुटीत. पण विष आणि औषध एकाच झाडावर नांदत असणें ही वैद्यकांत नवलाची गोष्ट नव्हे.

ब्रिटनमध्यें धोतऱ्याचा एक भाऊबंद रानांत वाढतच होता. त्याचा उपयोग लवकरच सुरू झाला आणि पुढील शंभर वर्षांत युरोप-अमेरिकेंतील औषधांच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी व जाळावयाच्या भुकट्या राजरोस विकल्या जाऊं लागल्या. भुकटी नीट जळावी म्हणून तींत सोरा मिसळीत. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याला नवव्या वर्षीं दम्याचा पहिला झटका आला, आणि पुढें त्याचें आयुष्य बंद खोलींत अशा भुकट्यांच्या धुरांत गेलें. या सिगारेटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बाजारांत होत्या. ज्याचा श्वास कोंडला आहे त्यानें धूर ओढावा हें ऐकतांना विपरीत वाटतें. परंतु धोतऱ्यांत अ‍ॅट्रोपीन व त्याच्या जातीचीं द्रव्यें असतात. श्वासनलिकांभोंवतीं स्नायूंचीं बारीक कडीं असतात, आणि त्यांना आवळावयास लावणारा मज्जातंतूंचा संदेश हीं द्रव्यें अडवितात. स्नायु सैल पडतात, नळी उघडते आणि रोग्याला घटकाभर जीव आल्यासारखें वाटतें. घटकाभर, हा शब्द येथें महत्त्वाचा आहे.

धूर ओढून धाप शमविण्याची कल्पना भारतांत फार जुनी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सतराव्या अध्यायांत श्वासरोगावर औषधी वातीच्या धूम्रपानाचा उपाय सांगितलेला आहे. पण त्याच अध्यायांतील अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे. चरकानें श्वासाचे पांच प्रकार मानले असून त्यांतील तमकश्वासाचें वर्णन वाचतांना रात्रीं तीन वाजतां उशीवर ओणवा होऊन बसलेला रोगी डोळ्यांपुढें उभा राहतो. घशांत घुरघुर चालते. आडवें होतां येत नाहीं, बसल्यानें बरें वाटतें. कफ सुटला कीं क्षणभर सुख होतें. ऊन पदार्थांची इच्छा होते. आणि ढग, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनीं रोग बळावतो. ढगांचा हा उल्लेख कोणास कविकल्पना वाटेल. परंतु २१ नोव्हेंबर २०१६ रोजीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरावर गडगडाटी वादळ आलें, आणि एका रात्रींत हजारों लोकांना दम्याचे झटके येऊन दहा माणसें दगावलीं. दमट हवेंत गवताचे परागकण फुटून त्यांचा सूक्ष्म चुरा वाऱ्याबरोबर लोकांच्या छातींत गेला होता.

अशा या तमकश्वासाला चरकानें याप्य म्हटलें आहे. रोग नवा असेल तर तो बरा होण्यासारखा असतो. एरव्हीं तो समूळ जात नाहीं, परंतु पथ्य व औषध चालू आहे तोंपर्यंत आवरून राहतो, असा याप्य शब्दाचा अर्थ. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्यें राहणारा ज्यू वैद्य व तत्त्वज्ञ मायमोनिडीस यानें एका उमराव रोग्यासाठीं दम्यावर अरबी भाषेंत प्रबंध लिहिला. आपल्याजवळ जादूचा उपाय नाहीं हें त्यानें रोग्याला स्पष्ट बजाविलें आणि मिताहार, झोंप व स्वच्छ कोरडी हवा यांवर भर दिला. दोघांमध्यें हजारों मैलांचें व कित्येक शतकांचें अंतर. पण आजार एका घावांत तोडावयाचा नसून रोजच्या रोज सांभाळावयाचा आहे, हें दोघांनाहि उमगलें होतें.

हें शहाणपण पुढें मागें पडलें. याचें कारण दम्याच्या झटक्याच्या स्वरूपांतच आहे. जो माणूस मध्यरात्रीं मरणाच्या दारीं बसलेला असतो, तो सकाळीं उठून कचेरींत जातो. झटका गेला म्हणजे रोग गेला, असें रोग्याला वाटतें, घरच्यांना वाटतें आणि दीर्घ काळ वैद्यांनाहि वाटत आलें. स्टेथॉस्कोपचा जनक लेनेक यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्नायूंच्या आंचक्याकडे बोट दाखविलें. लंडनचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर यांनीं १८६० मध्यें दम्यावर विख्यात ग्रंथ लिहिला. ते स्वतः दमेकरी होते. मांजर व गवत यांच्या सान्निध्यानें झटका येतो हें त्यांनीं नोंदलें आणि कडक काळी कॉफी हा उपाय सांगितला. कॉफींतील कॅफीन हें पुढें दम्यावर वापरल्या गेलेल्या थिओफिलीनचें सख्खें भावंड असल्यामुळें हा सल्ला अगदींच पोकळ नव्हता. लंडनच्या अत्यंत धुरकट वस्तींत कित्येक रोग्यांना बरें वाटतें, असेंहि सॉल्टरसाहेबांचें मत होतें. तें मात्र कोणीं अनुसरूं नये.

आंचका हाच रोग मानला, म्हणजे आंचका सोडविणारें औषध हाच इलाज ठरतो. १९०१ सालीं जपानी रसायनज्ञ ताकामिने यांनीं अ‍ॅड्रिनलीन शुद्ध स्वरूपांत वेगळें केल्याचें प्रसिद्ध झालें, आणि दोनच वर्षांनीं न्यू यॉर्कमध्यें दमेकऱ्यांना तें टोचण्यांत आलें. १९२४ च्या सुमारास चेन व श्मिट यांनीं चिनी वैद्यकांतील मा-हुआंग या वनस्पतींतील एफेड्रीनचे गुण पाश्चात्त्यांपुढें मांडले. प्रत्येक औषध आधीच्याहून सरस होतें, आणि प्रत्येकाचें काम एकच होतें: आवळलेली नळी उघडणें.

वास्तविक दुसरी बाजू सूक्ष्मदर्शकाखालीं केव्हांच दिसली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशींत दमेकऱ्यांच्या कफांत विशिष्ट पांढऱ्या पेशी, स्फटिक आणि श्वासनलिकांच्या सांच्यांतून निघाल्यासारखीं चिकट वेटोळीं आढळलीं. १९२२ मध्यें ह्यूबर व कोस्लर यांनीं दम्यानें मेलेल्यांचीं फुप्फुसें तपासून श्वासनलिकांच्या भिंती जाड झाल्याचें दाखविलें. म्हणजे स्नायु तर आवळतातच, पण आंतील अस्तर सुजलेलें असतें आणि नळी चिकट कफानें बुजलेली असते. ही सूज दोन झटक्यांच्या मधल्या, वरकरणीं निरोगी दिवसांतहि आंत धुमसत असते. तिच्याकडे लक्ष द्यावयाचें सोडून विद्वानांचा एक वर्ग रोग्याच्या मनांत शिरला. १९४१ सालीं शिकागोच्या फ्रेंच व अलेक्झांडर यांनीं दम्याचा संबंध आईविषयींच्या दडपलेल्या भावनांशीं जोडला. अमेरिकेंत दमेकरी मुलांना आईबापांपासून तोडून डेन्व्हरसारख्या दूरच्या गांवीं महिनेंच्या महिने ठेवण्यांत येई. त्यांतील कित्येक मुलांना बरें वाटलें, आणि दोष आयांच्या माथीं बसला. घराबरोबर गादी, धूळ आणि मांजरहि बदललें होतें, याचा विचार थोड्यांनींच केला. गादींतील धुळींत राहणारा सूक्ष्म किडा हा दम्याचें एक मोठें निमित्त आहे, हें १९६४ मध्यें हॉलंडांतील लायडेन येथें सिद्ध झालें. तोंवर कितीएक माता उगाच अपराधी ठरल्या होत्या.

आतां या इतिहासांतील सर्वांत दुःखद प्रकरणाकडे वळावें लागेल. अमेरिकेंतील रायकर नांवाच्या औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. आपलें औषध केसांच्या फवाऱ्याप्रमाणें डब्यांत कां भरतां येऊं नये, असा प्रश्न तिनें बापाला केला. त्यांतून १९५६ मध्यें मोजक्या मात्रेचा फवारा देणारा पंप बाजारांत आला. कल्पना उत्तम होती. औषध थेट श्वासनलिकेंत जाई, आणि काम क्षणांत होई. परंतु थोड्याच वर्षांत इंग्लंड व वेल्समध्यें दम्यानें मरणाऱ्या तरुणांची संख्या वाढूं लागली. १९५९ ते १९६६ या काळांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील दम्याचे मृत्यु सुमारें आठपट झाले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेंहि हाच प्रकार घडला. स्पायझर, डॉल व हीफ या संशोधकांनीं १९६८ मध्यें या मृत्यूंची छाननी केली, तेव्हां संशय पंपावर आला. पुढें असें ध्यानांत आलें कीं, आयसोप्रीनलीनचा पांचपट तीव्र फवारा जेथें विकला जाई त्या देशांतच ही सांथ आली. अमेरिका व कॅनडा येथें तो विकला जात नव्हता आणि तेथें सांथहि आली नाहीं.

कारणाविषयीं तज्ज्ञांत वाद झाले. औषधाच्या मोठ्या मात्रेनें हृदयावर ताण पडला असें कांहींचें म्हणणें. तर फवाऱ्यानें वारंवार तात्पुरता आराम पडत गेल्यामुळें आंतील सूज वाढूनहि रोगी वेळेवर डॉक्टरांकडे पोंचला नाहीं, असें इतरांचें. दोहोंतहि तथ्य असावें. ब्रिटनमध्यें १९६८ पासून हा पंप चिठ्ठीशिवाय मिळेनासा झाला, इशारे देण्यांत आले आणि मृत्यु घटले. एवढ्यानें धडा पुरता शिकला गेला असें मात्र नाहीं. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्यें दुसरी सांथ आली. वेलिंग्टनच्या संशोधकांनीं १९८९ मध्यें तिचा संबंध फेनोटेरॉल या पंपाशीं दाखविला आणि त्याच्या वापराला आळा बसल्यावर ती ओसरली.

मधल्या काळांत खरा मार्ग सांपडला होता. स्टिरॉइडनें दम्याची सूज उतरते हें १९५० नंतरच्या प्रयोगांनीं कळलें होतें; पण पोटांत घेतलेल्या गोळ्यांनीं चेहरा सुजे, हाडें ठिसूळ होत, मुलांची वाढ खुंटे. १९७२ मध्यें बेक्लोमेथॅसोन हें स्टिरॉइड फवाऱ्याच्या रूपानें ब्रिटनमध्यें आलें. त्याची मात्रा मायक्रोग्रॅमांत मोजण्याइतकी अल्प, आणि ती थेट सुजलेल्या जागीं पडणारी. यांत एकच गोम होती, आणि ती आजहि आहे. हें औषध घेतल्यावर रोग्याला तत्काळ कांहींच जाणवत नाहीं. त्याचा गुण दिवसांनीं, आठवड्यांनीं दिसतो आणि तोहि न आलेल्या झटक्यांच्या रूपानें दिसतो. न आलेल्या झटक्याचे आभार कोण मानणार? ज्या पंपानें छाती क्षणांत मोकळी होते तो उशाशीं असतो, आणि ज्यानें जीव वाचतो तो कपाटांत राहतो.

धोतऱ्याचा वंशहि येथें खुंटला नाहीं. अ‍ॅट्रोपीनमध्यें फेरफार करून १९७० नंतरच्या दशकांत इप्राट्रोपियम व एकविसाव्या शतकाच्या आरंभीं टायोट्रोपियम हीं औषधें आलीं. त्यांचा मुख्य उपयोग दम्याच्या दुसऱ्या भावंडांत, म्हणजे ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात त्या रोगांत होतो. दम्याची अडचण येते व जाते. या रोगांतील अडचण मुक्कामालाच येते आणि वर्षागणिक वाढते. पाश्चात्त्यांनीं तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग मानला होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ मध्यें लॅन्सेट या नियतकालिकांत न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीचा परामर्श घेऊन लांकूड व शेणी यांच्या धुराकडे जगाचें लक्ष वेधलें. ज्या बाईनें जन्मांत विडीला हात लावला नाहीं, पण तीस-चाळीस वर्षें चुलीपुढें फुंकणी घेऊन काढलीं, तिच्या खोकल्याला म्हातारपण असें नांव देऊन घरोघर बोळवण होत आली होती.

रोज सांभाळण्याचा मार्ग एका साऱ्या राष्ट्रानें पत्करल्यास काय घडतें, तें फिनलंडनें दाखविलें. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत तेथें सरकारी आरोग्यखातें, गांवोगांवचे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांना एकत्र बांधून दम्याची मोहीम चालविण्यांत आली. सूज उतरविणारा पंप रोग्याला लवकर सुरू करावयाचा, आणि त्रास वाढल्यास स्वतः काय करावें हें त्याला शिकवावयाचें, एवढाच तिचा गाभा होता. दमेकऱ्यांचे रुग्णालयांतील दिवस निम्म्याहून खालीं आले.

आपल्याकडे पंप दुर्मिळ नाहीं. मुंबईची सिप्ला कंपनी १९७६ पासून दम्याचे फवारे बाजारांत आणीत आली आहे. अडचण समजुतींची आहे. पंपाची संवय लागते, पंप हा शेवटचा उपाय, मुलीच्या हातीं तो दिसला तर स्थळ मोडेल, अशा धास्तीनें सुशिक्षित घरांतूनहि तो लपविला जातो. लपवून घेतला जातो तो बहुधा तात्काळ आराम देणाराच. २०१९ मध्यें दम्यावरील जागतिक मार्गदर्शक संस्था जीना हिनें, प्रौढ व बारा वर्षांवरील मुलें यांना केवळ नळी उघडणाऱ्या औषधावर ठेवूं नये, दमा सौम्य असला तरी सूज उतरविणारें औषध त्याच्या जोडीला असावेंच, असें जाहीर केलें. दोन्हीं औषधें एकत्र असलेला पंप आतां मिळतो. त्यांतील फॉर्मोटेरॉल कांहीं मिनिटांत नळी उघडतें आणि सोबतचें स्टिरॉइड आपलें मूक काम करितें. आराम घेण्यासाठीं म्हणून ओढलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर रोग्याच्या छातींत, त्याच्या ध्यानींमनीं नसतांहि, थोडें खरें औषध जातें.