प्राण आणि प्राणवायू : लोणावळ्याच्या श्वसनप्रयोगांतील एक प्रश्न

ऑक्सिजनला मराठी परिभाषेत ‘प्राणवायू’ हा शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. हठयोगातील प्राण हा देहात संचरणाऱ्या पाच वायूंपैकी पहिला होय. रसायनातील वायूशी त्याचे नाते केवळ नावाचे आहे. बंगालीने ‘अम्लजान’ हा लाव्हाझिएच्या मूळ शब्दाचा अनुवाद पत्करला. उर्दूने युरोपीय नावच चालविले. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होत असे. त्यामुळे हिमायतनगरसारख्या गावच्या विद्यार्थ्याला वर्गातला ऑक्सिजन आणि कीर्तनातला प्राण एकच वाटण्याचे कारण नव्हते. मराठी शाळेत मात्र ही गल्लत सहज होई. (गुदमरविणाऱ्या वायूलासुद्धा ‘कर्बद्विप्राणिद’ म्हणून आपल्या परिभाषेने प्राण बहाल केला आहे!)

प्राणायामाने प्राणवायू अधिक मिळतो व म्हणून मेंदूचे पोषण होते, हा समज या शब्दाने बळावला. त्याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. स्वामी कुवलयानंद, म्हणजेच जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उच्छ्वासातील वायूंचे पृथक्करण करून त्यांनी प्रतिपादिले की, प्राणायामाचे मूल्य अधिक ऑक्सिजन मिळण्यात नाही. मज्जासंस्थेवरील परिणामात ते शोधावे लागेल. योगाच्या अभिमान्याने असे लिहावे, याला धैर्य लागते.

त्यांच्याकडे शिकून गेलेले येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी १९३७ च्या ग्रंथात निराळे आकडे दिले. ऑक्सिजनचा खप उज्जायीत २४.५, भस्त्रिकेत १८.५ व कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला त्यांना आढळला. मात्र प्राणायामानंतर बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे यांसारख्या बौद्धिक कसोट्यांत त्यांची गती वाढण्याऐवजी मंदावली. प्रयोगकर्ता व प्रयोगविषय एकच असल्याने या निष्कर्षांचे वजन मर्यादित आहे. शिवाय खप वाढला तो सर्व देहाचा. मेंदूच्या वाट्याला काय आले, हे त्यावरून कळत नाही. पुढे १९६८ मध्ये करंबेळकर, विनेकर व भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे ऑक्सिजन घटत जातो, त्याबरोबर कर्बद्विप्राणिदही साचत जातो. या दोहोंचे परिणाम वेगळे काढल्याखेरीज प्रश्न सुटत नाही.

आता समजाचे दुसरे टोक पुढे आले आहे : कमी ऑक्सिजन हाच मेंदूला औषध, आणि कुंभक हे त्याचे प्राचीन रूप! पहिल्या विधानात तथ्याचा अंश आहे. पेशी ऑक्सिजनची उणीव कशी ओळखतात, या संशोधनास २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१६ मध्ये वंशी मूथा यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, मेंदू झिजविणारा ‘ली’ विकार असलेले उंदीर ११ टक्के ऑक्सिजनच्या हवेत पुष्कळ अधिक जगतात; नेहमीच्या हवेत हे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. उलट, झोपेत वारंवार श्वास अडकणाऱ्या रोग्यांत ऑक्सिजनची अशीच घट स्मृतीला बाधक ठरते. मात्रा आणि रोग न सांगता केलेले विधान म्हणूनच निरर्थक होय.

कुंभकाची तुलना तर मुळातच लंगडी आहे. निरोगी माणसाने अल्पकाळ श्वास रोखला असता रक्तातील ऑक्सिजन फारसा उतरत नाही. कर्बद्विप्राणिद वाढतो व त्याने मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याच प्रयोगशाळेच्या २०१७ च्या निबंधानुसार, उंदरांना दिवसातले काही तासच विरळ ऑक्सिजन दिला असता गुण आला नाही. तो अखंड द्यावा लागला.