हात न पोचणारा बिंदू

१८२३ च्या जानेवारीत विदर्भातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन हा वृद्ध इंग्रज मोजणीदार कामावर असतानाच वारला. १८०२ साली मद्रासजवळ त्याने साखळीने एक आधाररेषा मोजली होती. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या बाजू तेथे पाऊल न टाकता गणिताने निघतात. एवढ्या भांडवलावर तो हिंदुस्थान मोजीत उत्तरेकडे निघाला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. १८०८ साली तंजावरला, म्हणजे भोसल्यांच्याच गावी, ते गोपुरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. साहेबाने सहा आठवडे खपून ते दुरुस्त केले, ही हकीकत ग्रंथांत आवर्जून सांगतात. दोर ओढणाऱ्यांची नावे मात्र आमच्या वाचनात आलेली नाहीत.

तोच त्रिकोण आज आकाशातील रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींच्या पायथ्याशी पुन्हा उपयोगी पडत आहे. अशी दुर्बीण आपल्याकडे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या प्रकल्पात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. थाळीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, पोलादी तारांच्या जाळीचा आहे. तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. चादरी विणणाऱ्या सोलापूरकराला ती जाळी परकी वाटू नये!

थाळ्या दूर दूर असल्या की प्रत्येकीची जागा काटेकोर ठाऊक असावी लागते. पण जागा म्हणजे नेमके काय? थाळी उभ्या आसाभोवती फिरते आणि आडव्या आसाभोवती कलते. हे दोन आस जेथे मिळतात तो तिचा स्थिर बिंदू. तो लोखंडाच्या पोटात, बहुधा पोकळीत असतो. तेथे खिळा ठोकता येत नाही, पट्टी लावता येत नाही. मग थाळीवर काचेचे लोलक बसवायचे, थाळी थोडी थोडी फिरवायची आणि भोवतीच्या पक्क्या खांबांवरून दर वेळी कोन व अंतर मोजायचे. लोलक वर्तुळाचे तुकडे काढीत जातो. त्या तुकड्यांवरून केंद्र सापडते.

खोडदच्या थाळ्या ताऱ्यांसाठी आहेत. दुसऱ्या काही दुर्बिणी मात्र खंडाखंडांमधील अंतरे मोजतात. भारताची भूमी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटर चढते. अशा हिशेबात दुर्बिणीचा बिंदू आणि त्याच आवारातील उपग्रह-ग्राहक यांमधील अंतर मिलिमीटरने चुकले, तरी किनाऱ्यावरच्या माणसाला चुकीचा आकडा मिळतो.

पूर्वी या मोजणीसाठी दुर्बीण काही दिवस बंद ठेवावी लागे. एक जण यंत्रावर, एक जण वहीवर. स्वीडनमधील ओन्साला वेधशाळेत हे काम आपोआप फिरणाऱ्या यंत्राकडून करून घेतले. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. यंत्र स्वतःच लोलक शोधते, नोंदते, आणि दुर्बिणीचे नित्याचे काम चालू असताना बिंदू मिलिमीटरच्या आत सापडतो.

स्वयंचलित माग आल्यावर किती हात रिकामे होतात, हे आम्ही गिरणीत जन्म काढल्यामुळे जाणतो. म्हणून असल्या बातमीकडे आम्ही संशयानेच पाहतो. पण येथे यंत्राचा पक्ष खरा आहे. उन्हाने पोलाद फुगते, रात्री आखडते; बिंदू दुपारी एकीकडे, पहाटे दुसरीकडे. दोन माणसांच्या पाळीला हे हलणे पकडता येत नाही, न थकणाऱ्या यंत्राला येते. मात्र लोलक सैल बसला असेल, तर तेच यंत्र चुकीचा आकडाही तितक्याच निष्ठेने रात्रभर लिहीत राहील. लोलक घट्ट बसवायला थाळीवर माणूसच चढतो.