दातांखालची गोळी

इंग्रजी भाषेत 'गोळी चावणे' असा एक वाक्प्रचार आहे. जे दुःख टळण्याजोगे नाही ते हूं की चूं न करता सोसणे, अथवा जे अप्रिय काम आज ना उद्या करावेच लागणार ते मन घट्ट करून उरकून टाकणे, असा त्याचा अर्थ. अलीकडे तो राज्यकर्त्यांच्या तोंडी फार आढळतो. कर वाढवावयाचा असला की आपण गोळी चावीत आहोत असे ते सांगतात. वस्तुतः ती चावावी लागते कर भरणाऱ्याला!

या वाक्प्रचाराचे भाषांतर करावयास सांगितले की आमचे पुष्कळ विद्यार्थी 'कडू गोळी गिळणे' असे लिहितात. पिंपरी-चिंचवडकडच्या मुलांना गोळी म्हटल्यावर बंदुकीच्या आधी औषधाची आठवण व्हावी यात नवल नाही. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली त्यांच्या पिंपरीतच निघाला. परंतु कडू गोळी गिळण्याचा वाक्प्रचार इंग्रजीत निराळा आहे, आणि त्यात गोळी एकदा घशाखाली उतरली की प्रकरण संपते. प्रस्तुतची गोळी शिशाची आहे. ती गिळावयाची नाही. दातांत धरून ठेवावयाची आहे.

तिची सर्वांस ठाऊक असलेली कथा अशी की, भूल देण्याची विद्या नव्हती त्या काळी रणांगणावर जखमी शिपायाचा हात वा पाय कापताना त्याच्या दातांत बंदुकीची गोळी देत, म्हणजे वेदनेच्या भरात त्याने जीभ चावू नये. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टन येथे १८४६ च्या ऑक्टोबरात झाला आणि क्लोरोफॉर्म पुढल्याच वर्षी आले. तेव्हा त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे यमयातनाच होती यात संशय नाही. पण उताण्या निजविलेल्या, तळमळणाऱ्या माणसाच्या तोंडात एवढीशी गुळगुळीत गोळी ठेवणारा शस्त्रवैद्य आम्हांला तरी शहाणा वाटत नाही. ती घशात जावयाची! चामड्याचा पट्टा किंवा लाकडाचा तुकडा या कामी कितीतरी बरा. दुसरी कथा आपल्या १८५७ शी नाते जोडते. तीही टिकत नाही. त्या वेळी शिपायांना दातांनी तोडावे लागे ते काडतुसाचे चरबी लावलेले कागदी वेष्टन. गोळीला दात लावण्याचे कारण नव्हते.

खरा धागा सापडतो तो याहून जुना, आणि कमी शोभिवंत आहे. फ्रान्सिस ग्रोज नावाच्या गृहस्थाने हलक्या बोलीतील शब्दांचा एक कोश केला होता. त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल', म्हणजे गाणारा बुलबुल, या शब्दाखाली असे सांगितले आहे की, फटके खाताना जो शिपाई ओरडतो त्याला पलटणीत हे नाव पडते; आणि ते पडू नये म्हणून काही पलटणींतील ग्रेनेडियर नऊ दोऱ्यांच्या चाबकाखाली उभे असता तोंडात गोळी चावीत राहतात. म्हणजे या वाक्प्रचाराच्या मुळाशी शत्रू नाही, जखम नाही, वैद्यही नाही. आपल्याच वरिष्ठांनी दिलेली शिक्षा आहे, आणि ती भोगताना सोबत्यांनी हसू नये एवढीच शिपायाची धडपड आहे. १८९१ च्या सुमारास किप्लिंगने आपल्या 'द लाइट दॅट फेल्ड' या कादंबरीत हे शब्द धीर देण्यासाठी वापरले, तोपर्यंत त्यांचा चाबकाशी असलेला संबंध पुसट होऊन गेला होता.

परंतु तोंडात गोळी धरण्याची आणखी एक चाल युरोपात होती. वाक्प्रचार तिच्यातून निघाला असे आम्ही म्हणत नाही. पण सोसणे म्हणजे काय हे ती चाबकापेक्षा अधिक चांगले सांगते. वेढ्यात सापडलेल्या शिबंदीने शर्थीने किल्ला लढविला आणि अखेर निरुपाय होऊन तो खाली केला, तर तिला मानाने बाहेर जाऊ देत. निशाणे फडकत, नगारे वाजत, जामग्या दोन्ही टोकांना पेटलेल्या आणि बंदुकीच्या गोळ्या तोंडात. बंदूक भरताना गोळी हाताशी असावी म्हणून शिपाई ती तोंडात ठेवीत. तेव्हा तोंडात गोळी याचा अर्थ, आम्ही जागा सोडीत आहो, लढण्याची शक्ती सोडलेली नाही. १६४६ साली इंग्लंडातील यादवीत ऑक्सफर्ड शहर पार्लमेंटच्या सैन्याच्या स्वाधीन झाले, त्या वेळच्या तहात ही सर्व कलमे लिहिलेली आहेत.

हे वाचले की आम्हांला त्यानंतर चौदाच वर्षांनी पडलेला चाकणचा किल्ला आठवतो.

चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट. डोंगराचा आधार नाही. तट, बुरूज आणि खंदक एवढेच त्याचे बळ. १६६० च्या २१ जूनला शाएस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. बाहेरून मदत येईल अशी आशा धरण्यास जागा नव्हती, कारण खुद्द शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकले होते. भर पावसात मोगलांचे मोर्चे पुढे सरकत राहिले आणि आतून बंदुकांचा मारा चालू राहिला. दिवस गेले, आठवडे गेले. शेवटी १४ ऑगस्टला सुरुंगाने एक बुरूज उडाला, आणि धुरळा खाली बसतो तो आत मराठ्यांनी मातीचा नवा बांध उभा केलेला! त्याच्या आडून ते झुंजले. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ला द्यावा लागला. मोगलांकडील २६८ माणसे मेली व ६०० जखमी झाली असा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे. मैदानातल्या एका लहानशा कोटासाठी ही किंमत थोडी नव्हे. खानाने फिरंगोजीला मानाने वागविले आणि बादशाही चाकरी देऊ केली. ती त्याने घेतली नाही. महाराजांनीही किल्ला घालविल्याचा दोष त्याच्या माथी मारला नाही. पुढे भूपाळगड त्याच्या हवाली केला.

आता एक योगायोग पाहा. चाकणचा वेढा चालू असतानाच, १३ जुलै १६६० रोजी, महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूने घोडखिंड अडवून धरली. त्या एका दिवसाची सावली आपल्या बोलीवर एवढी पडली आहे की 'खिंड लढविणे' म्हटले की मराठी माणसाला दुसरी खिंड आठवत नाही. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर संसार ओढणाऱ्या बाईबद्दलही आपण तेच म्हणतो. चाकणच्या पंचावन्न-छप्पन दिवसांनी मात्र भाषेला काही दिले नाही. 'किल्ला लढविणे' आहे, पण तो कोणताही किल्ला. बाजीप्रभू पडला आणि त्याचे काम साधले. फिरंगोजी जगला आणि त्याचा किल्ला गेला. आपल्या स्मरणशक्तीला पहिला प्रकार सोयीचा जातो. खरे पाहता, त्या बाईचे दिवस खिंडीपेक्षा चाकणच्या जातीचे असतात. ते एका प्रहरात संपत नाहीत, आणि त्यांच्या शेवटी इशाऱ्याची तोफ होत नाही.

चाकणचे नाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे आणि कांद्याच्या बाजारामुळे सर्वांस ठाऊक आहे. संग्रामदुर्गाच्या तटाचे व बुरुजांचे अवशेष गावातच आहेत. तिकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही विचारतो, तेव्हा बाजीप्रभूचे नाव सर्वजण सांगतात; फिरंगोजीचे नाव सांगताना एकदोघेच हात वर करतात.