दहा फुटांवरची टोपली

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. पावसाळी चप्पल घातली तर पाच फूट चार. घरातल्या माळ्यावरचा डबा काढायचा असला तरी आमची ही मला हाक मारत नाही, शेजारच्या मुलाला मारते. अशा माणसाला कुणी बास्केटबॉलचा इतिहास लिहायला सांगेल, असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं. पण आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस एका रविवारी सकाळी विक्रोळीला, कन्नमवार नगरातल्या आमच्या घरी आले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले,

"काका, स्मरणिकेसाठी पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास तुम्हीच लिहायचा. १९७६ च्या फोटोत तुम्ही आहात."

फोटोत मी आहे, हे खरं. पाच जण खुर्च्यांवर, पाच जण मागे, आणि अगदी कडेला हातात फुलस्केप वही घेतलेला जो इसम आहे तो मी. मी संघाचा गुणलेखक होतो. चेंडूला माझा हात लागला तो फक्त त्यात हवा भरून आणताना. आमचे सर मला चित्रगुप्त म्हणत. सर शिकवायचे अकाउंटन्सी. ते बास्केटबॉल कधीच खेळलेले नव्हते. क्रीडा विभागाच्या बैठकीला एकदा ते उशिरा पोचले, तोवर क्रिकेट, कबड्डी आणि कॅरम वाटून झाले होते. उरलेला खेळ त्यांच्या पदरात पडला.

कॉलेजचं नाव मी सांगत नाही, कारण ही हरण्याची हकीकत आहे. माझ्या वहीप्रमाणे चार वर्षांत आम्ही विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चार सामने खेळलो. दर वर्षी पहिली फेरी, आणि तीच शेवटची. शिवाय मैत्रीपूर्ण सामने सात. त्यांतली मैत्री टिकली, सामने गेले. एकूण अकरा सामने, अकरा पराभव. हिशोब सोपा होता, म्हणूनच बहुधा तो माझ्याकडे होता.

"असं लिहून कसं चालेल?" चिटणीस म्हणाले. "उज्ज्वल परंपरा वगैरे काहीतरी पाहिजे ना!"

उज्ज्वल परंपरा शोधायची तर मुळापासून सुरुवात करावी, म्हणून मी वाचनालयात जाऊ लागलो. उरलेलं नातवाने मोबाईलवर काढून दिलं. आणि सांगतो, मला जे सापडलं त्याने माझी झोप उडाली.

हा खेळ जन्मला डिसेंबर १८९१ मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए.च्या शाळेत. बाहेर बर्फ, आत अठरा दांडगट विद्यार्थी, आणि त्यांना सांभाळायला जेम्स नेस्मिथ नावाचे तिशीतले कॅनेडियन मास्तर. वरिष्ठांनी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली होती: या पोरांसाठी बंद खोलीत खेळता येईल असा खेळ काढा. नेस्मिथसाहेबांनी तेरा नियम लिहिले आणि शाळेच्या शिपायाकडे दीड फुटाचे दोन खोके मागितले. शिपाई म्हणाला, खोके नाहीत, पीच फळांच्या दोन टोपल्या आहेत, चालतील का? चालल्या. म्हणून बास्केटबॉल. एका शिपायाच्या कोठारात काय शिल्लक होतं, यावर खेळाचं नाव ठरलं. नेस्मिथसाहेब विक्रोळीला असते, तर खोके हमखास मिळाले असते. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या इथल्याच गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मग खेळाचं नाव पेटीबॉल पडलं असतं आणि हरणाऱ्यांची अनामत जप्त झाली असती.

टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा होता जमिनीपासून दहा फुटांवर. म्हणून जगभर आजही रिंग दहा फुटांवरच असते. पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ जण होते, आणि अख्ख्या सामन्यात टोपली पडली एकच. एक विरुद्ध शून्य. हे वाचून आमच्या संघाबद्दल मला प्रथमच थोडं बरं वाटलं. आमच्या खात्यावर शून्य कधीच नव्हतं.

टोपलीमागची फळीसुद्धा नेम धरायला आली नाही. सज्जात बसलेले प्रेक्षक हात खाली घालून आपल्या बाजूचा चेंडू टोपलीत ढकलत आणि परक्यांचा उडवून लावत. त्यांना आवरायला टोपलीमागे आडोसा घालावा लागला. आमच्या कोर्टामागेही कंपाउंडची भिंत होती आणि तिच्यावर बसून पोरं सामना बघत. पण आमचा चेंडू अडवायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. तो आपणहून बाहेर जायचा.

आता ऐका खरी गोष्ट. हे नेस्मिथसाहेब १८९८ मध्ये कॅन्सास विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला. संघाचे पहिले मार्गदर्शक ते स्वतः. म्हणजे ज्याने खेळ शोधला, नियम लिहिले, टोपल्या टांगल्या, तोच शिकवायला. आता जिंकायला काय हरकत होती? तर पहिलाच सामना त्यांचा संघ १६-५ असा हरला. १९०७ पर्यंत साहेबांनी संघ सांभाळला. जिंकलेले सामने पंचावन्न, हरलेले साठ. त्यानंतर कॅन्सासने दोन हजारांहून अधिक सामने जिंकले आणि १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तिथल्या पुरुष संघाच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेला जास्त, असा मार्गदर्शक एकच झाला, आणि तो म्हणजे खेळाचा जनक!

मी खुर्चीतून उठून बसलो. म्हणजे आधी आडवा होतो. आमच्या हिला म्हटलं, "अगं, ऐकलंस का? आमचे सर नेस्मिथच्या घराण्यातले निघाले!"

"कोण, ते अकाउंटन्सीचे?" ती म्हणाली. "देशपातळीवर कुणी नाही का हरलं?"

तेही होतं. आपला भारताचा पुरुष संघ १९८० मध्ये मॉस्को ऑलिम्पिकला गेला. बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे जागा रिकामी झाली होती. एकही सामना न जिंकता आपण बारा संघांत बारावे आलो. पण ऑलिम्पिक खेळलेला आपला बास्केटबॉल संघ कोणता, असं विचारलं तर आजही त्याच संघाचं नाव घ्यावं लागतं. जाऊन हरायला आधी जावं लागतं.

मुंबईत सगळेच आमच्यासारखे होते असा मात्र गैरसमज नको. नागपाड्याचं नाव ऐकलं की आमच्या संघाच्या पोटात गोळा यायचा. १९२७ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनने तिथे नेबरहूड हाऊस नावाची संस्था सुरू केली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे प्रमुख. अमेरिकन आणि मराठी हे शब्द शेजारी आले की आपल्याला हल्ली व्हिसाची रांग आठवते, पण त्या काळी वाहतूक उलट दिशेने होती. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये त्याच नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाली. बास्केटबॉलही त्याच परिसरात रुजला. दाटीवाटीच्या वस्तीत क्रिकेटला मैदान कुठून आणणार? दोन खांब आणि दोन रिंगा मावतील एवढी जागा मात्र निघते. त्याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार घेऊन गेले. तिथली पोरं वेगवेगळ्या कॉलेजांतून खेळत. पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या की सर आधी एकच प्रश्न विचारीत, "समोरच्या टीममध्ये नागपाड्याचे किती?" दोन असले तर म्हणायचे, "उत्तम. शिकायला मिळेल."

आमचं शिक्षण असं चारही वर्षं चाललं.

आता त्या वहीतल्या एका पानाकडे येतो. कारण चिटणीसांचा डोळा त्या पानावर पडला आणि तिथेच भांडणाला तोंड फुटलं. १९७६ चा पावसाळा. आमच्या कोर्टावर पहिल्या फेरीचा सामना. सकाळपासून कोसळत होतं. शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, गाड्या उभ्या. समोरचा संघ शहरातून यायचा होता, तो काही आला नाही. पंचांनी घड्याळ पाहिलं, नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि कागद पुढे केला. "सर, सही करा. वॉकओव्हर."

आयुष्यात प्रथमच आम्ही दुसऱ्या फेरीत! मी लाल शाई आणलेलीच होती. चार वर्षं ती दौत कोरडी पडत होती. मी सुंदर अक्षरात लिहिलं: विजयी.

सरांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. "गाडीत अडकलेल्या पोरांना हरवायचं म्हणजे काय करायचं?" ते पंचांना म्हणाले. "मी सही करत नाही. आपण चहा घेऊ."

पंच भला माणूस होता. सामना जिंकणाराच तक्रार करत नाही म्हटल्यावर त्याने कँटीनमधला दुसरा वडा घेतला. जवळजवळ दोन तासांनी फाटकातून नऊ पोरं आली. पँटी गुडघ्यापर्यंत वर, बूट गळ्यात, आणि रुळांवरून चालून पाय चिखलाने माखलेले. सरांनी त्यांना आधी टॉवेल दिले, मग चहा दिला. शिपायाने खराट्याने कोर्टावरचं पाणी काढलं. सामना झाला. आम्ही ३४-१५ असे हरलो. मी लाल शाईचा 'विजयी' खोडला आणि त्यावर निळ्या शाईने खरं ते लिहिलं. सरांशी मी आठवडाभर बोललो नाही. मनातून म्हणाल, तर पुष्कळ वर्षं बोललो नाही. इतिहासात एक ओळ मिळत होती, ती या माणसाने चहात बुडवली.

चिटणीसांना खोडलेल्या शाईखालचा 'विजयी' दिसला. "काका, हाच धागा! वॉकओव्हर मिळाला होताच ना? 'दुसऱ्या फेरीत धडक' असं छापू. आता कोण तपासायला येणार आहे?"

मोह झाला नाही असं नाही. पण वाचता वाचता बर्लिन लागलं. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, आणि त्यात धो धो पाऊस. चेंडू टप्पाच घेईना. अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते १९-८ असं. आमच्या पंधरा गुणांनी कॅनडाला तिथे हरवलं असतं! सामना बघायला नेस्मिथसाहेब हजर होते. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या त्या गृहस्थांनी स्वतः पदकं वाटली. त्याच बर्लिनमध्ये तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपली कबड्डी जगाला दाखवत होतं. कबड्डीला पदक नव्हतं. तरी माणसं अमरावतीहून बर्लिनला गेली, खेळ दाखवला आणि परत आली. पदक नसताना इतक्या लांब जाणारी ती माणसं आणि जिंकलेल्या सामन्याची सही न करणारे आमचे सर, ही दोन्ही मला एकाच पंगतीत बसलेली दिसायला लागली. माझा रुसवा संपायला चाळीसहून अधिक वर्षं आणि एक ऑलिम्पिक लागलं.

मी वही घेऊन सरांकडे गेलो. सर आता नव्वदीच्या घरात आहेत. ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे.

"सर, चिटणीस म्हणतात, वॉकओव्हर छापू."

"तू काय म्हणतोस, चित्रगुप्ता?"

मी त्यांना कॅन्सासचं सांगितलं. पंचावन्न आणि साठ. तिथल्या क्रीडागृहाला पुढच्या यशस्वी मार्गदर्शकाचं, फॉग ॲलन यांचं नाव आहे. पण आतल्या कोर्टाला, ज्या फरशीवर पोरं पळतात तिला, नेस्मिथचं नाव आहे. आणि त्यांनी टंकलिखित केलेल्या तेरा नियमांचे दोन कागद २०१० साली त्रेचाळीस लाख डॉलरना विकले गेले, तेही सांगितलं.

"आणि तुझी वही?"

"सर, ही दोनदा रद्दीत घालायला निघाली होती. किलोमागे भाव बरा होता."

सर हसले. मग त्यांनी चष्मा लावला आणि १९७६ चं पान काढलं. बराच वेळ बोट फिरवत राहिले. मला वाटलं, जुन्या आठवणींनी डोळे भरून आले असावेत.

"मूर्खा," ते म्हणाले, "पूर्वार्धात सात, उत्तरार्धात दहा. सात आणि दहा पंधरा होतात का? बी. कॉम. कसा झालास?"

मी पाहिलं. सतरा. एवढी वर्षं आमचे दोन गुण माझ्या बेरजेत अडकून पडले होते.

चिटणीसांना मी लेख दिला आहे. अकरा सामने, अकरा पराभव, वॉकओव्हर नाही. फक्त त्या एका ठिकाणी ३४-१५ च्या जागी ३४-१७ अशी दुरुस्ती केली आहे, आणि तिच्याखाली सरांची सही आहे. या वेळी त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं नाही.